घाटात पेट्रोलवर गाडी मिसिंग मारते, सीएनजीवर सरळ चालते. दोष कुठे शोधायचा?

शाळेची वाट (शहादा)

नमस्कार मंडळी. मी शहाद्याला राहते, शाळा धडगाव तालुक्यात. रोज म्हसावदवरून पुढे सातपुडा चढायचा आणि संध्याकाळी उतरायचा. गाडी २०१६ ची, पेट्रोल, १.२ लिटर, चार सिलिंडर. नंतर बाहेरून सिक्वेन्शियल सीएनजी किट बसवलं, आरसीवर त्याची नोंद आहे.

आधी मी चढ-उतार सगळा सीएनजीवरच करायची. यंदा जूनमध्ये शाळा उघडल्या तेव्हा बदलून आलेल्या दोघी जणी सोबत आल्या, आता गाडीत आम्ही चौघी. भरलेली गाडी सीएनजीवर चढणीला दमते, म्हणून घाट लागला की पेट्रोलवर टाकते. तिथूनच त्रास सुरू झाला. तिसऱ्या गिअरला थोडा जास्त ॲक्सिलरेटर दिला की गाडी अडखळते, हिसके देते, पाय सैल केला की सावरते. दुसऱ्या गिअरला हळूहळू नेली तर चढून जाते. एसी बंद केला तर जरा बरी वाटते. वर पोचून उभी केली की आयडलला बारीक थरथर असते, पण बंद पडत नाही. सकाळी गार इंजिन लगेच सुरू होतं. इंजिनचा पिवळा दिवा मध्येच लागतो आणि दोन-चार दिवसांनी आपोआप जातो.

आतापर्यंत प्लग बदलले, एक कॉइल बदलली, थ्रॉटल बॉडी साफ करून घेतली. गॅरेजवाल्या दादांनी गावातच सपाटीवर फेरी मारली आणि गाडी ठीक आहे म्हणाले. दुसऱ्या दिवशी घाटात तेच. आता ते म्हणतात की फ्युएल पंपाची पूर्ण असेंब्ली बदलू, नाही सुधारली तर चारही इंजेक्टर बदलू. पैसे मी भरेन, पण अंदाजावर भरायचे नाहीत. शिवाय घाटात बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नाही, पावसात दरडी येतात. संध्याकाळी आम्ही चौघी तिथं अडकलो तर काय, हीच काळजी आहे. कुणी नीट शोधायची पद्धत सांगेल का?

तापीकाठ (शिरपूर)

काय व्हयनं ताई गाडीले? माझ्या मते पेट्रोल बघा आधी. आता सगळीकडे वीस टक्के इथेनॉल येतंय आणि तुमची गाडी २०१६ ची, ती त्यासाठी बनलेलीच नाही. पावसाळ्यात इथेनॉल पाणी ओढतं. पंपावर फिल्टर पेपर मागा, तो मागायचा तुम्हाला हक्क आहे. नोझलवरचा एक थेंब टाकायचा, पेट्रोल उडून गेल्यावर डाग राहता कामा नये. डेन्सिटीही विचारा, १५ अंश तापमानाला पेट्रोलची डेन्सिटी ७२० ते ७७५ च्या दरम्यान असावी लागते. दुसऱ्या पंपावर टाकी फुल करून बघा, बहुतेक सुटेल.

नाना (चाळीसगाव)

कन्नड घाटात माझी जुनी गाडी अशीच करायची. इनटेक मॅनिफोल्डवरचा एक रबरी पाइप चिरला होता, त्यातून हवा ओढायची. दोनशे रुपयांचा पाइप. इंजिन चालू ठेवून कुठे सुसकारा ऐकू येतो का बघा. ब्रेक बूस्टरचा पाइपही तपासा.

शाळेची वाट (शहादा)

दोघांचेही आभार. पेट्रोल दुसऱ्या पंपावरचं घेऊन बघितलं, फरक नाही. मात्र एक सांगायला हवं, मी टाकी कधी भरत नाही. सीएनजीवरच चालवायची म्हणून पेट्रोलचा काटा कायम खालच्या रेघेजवळ असतो, लागेल तसं पाचशेचं टाकते.

माझ्या भाच्याकडे ओबीडीला, म्हणजे गाडीतले दोष वाचायच्या सॉकेटला, लावायचं ब्लूटूथचं डोंगल आहे. तो रविवारी सोबत आला, मी चालवत होते आणि तो मोबाइलवर आकडे लिहून घेत होता. कोड दोन निघाले: पी ०१७१ आणि पी ०३००. फ्युएल ट्रिम नावाचे दोन आकडे असतात, त्यांची बेरीज करून त्यानं लिहिलं आहे. पेट्रोलवर, इंजिन गरम झाल्यावर: उभ्या गाडीत आयडलला +४. सपाटीवर चौथ्या गिअरला साठच्या वेगात +११. घाटात तिसऱ्या गिअरला, हिसके सुरू होण्याआधी, +२४. यातून काही कळतं का? सीएनजीवर त्याच वळणांवर गाडी जोर कमी दाखवते पण एकही हिसका देत नाही.

धुळ्याचा मिस्तरी

ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यात अर्धं निदान आहे आणि भाच्यानं लिहिलेल्या आकड्यांत उरलेलं. मी कार्बोरेटरच्या काळापासून हे काम करतो. इतकी नीट लिहिलेली तक्रार घेऊन गाडी आली तर आमचं काम फार सोपं होतं. आता जरा सविस्तर लिहितो, कारण तुमचा रस्ता मला माहीत आहे आणि तिथं गाडी अंदाजावर सोडून चालणार नाही.

आधी सीएनजीचं. सिलिंडरमध्ये गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. प्लग थोडा झिजलेला असेल, कॉइल कमजोर असेल, तर गाडी पहिल्यांदा सीएनजीवर मिसिंग मारते, पेट्रोलवर नंतर. तुमचं नेमकं उलट आहे. म्हणजे प्लग, कॉइल, वायर, कॉम्प्रेशन, टायमिंग, थ्रॉटल, एअर फिल्टर, एवढं सगळं त्या घाटानंच तपासून दिलं आहे. दोन्ही इंधनांना हे सगळं एकच आहे. वेगळं आहे ते फक्त पेट्रोल टाकीतून इंजेक्टरच्या तोंडापर्यंतचं: जाळी, पंप, फिल्टर, रेग्युलेटर, पाइप, इंजेक्टर आणि पंपाची वायरिंग. शोध तेवढ्यातच घ्यायचा. प्लग आणि कॉइल बदलायची गरजच नव्हती, पण झालं ते झालं, प्लग तसेही कधीतरी बदलावेच लागतात.

आता आकडे. ऑक्सिजन सेन्सर सायलेन्सरच्या बाजूला बसून सांगतो की जळताना पेट्रोल कमी पडलं की जास्त झालं. त्यावरून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इंजेक्टर उघडा ठेवायचा वेळ वाढवतो किंवा कमी करतो. हे वाढवणं-कमी करणं म्हणजे ट्रिम. शून्याच्या आजूबाजूला, पाचेक वर किंवा पाचेक खाली, ही निरोगी गाडी. दहापर्यंत मी फार मनावर घेत नाही. +२४ म्हणजे ईसीयू ओरडून सांगतोय की मी चोवीस टक्के जास्त वेळ इंजेक्टर उघडतोय तरी पेट्रोल पुरत नाही. त्याची मर्यादा संपली की मिश्रण पातळ राहतं, गाडी हिसके देते. पी ०१७१ चा अर्थ तोच, मिश्रण पातळ. पी ०३०० म्हणजे एका ठरावीक सिलिंडरला नाही, कुठल्याही सिलिंडरला मिसिंग.

यात महत्त्वाचा आहे तो आकड्यांचा चढता क्रम. आयडलला ४, सपाटीला ११, चढणीला २४. मागणी वाढते तशी तूट वाढते. नाना म्हणतात तशी हवेची गळती असती तर चित्र उलटं दिसलं असतं. आयडलला इंजिन थोडीच हवा घेतं, त्यात चिरलेल्या पाइपची हवा मोठी ठरते. चढणीवर थ्रॉटल उघडा असतो तेव्हा तेवढीच गळती नगण्य होते. शिवाय आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत इनटेकमधला हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. त्यांत गळती झाली की बहुतेक वेळा आयडलचे आरपीएमच चढतात. आणि मुख्य म्हणजे ती गळती सीएनजीवरही असतीच ना. नानांच्या गाडीचं निदान त्यांच्या गाडीला बरोबर होतं, या गाडीला नाही.

तापीकाठ भाऊंचा मुद्दा थोडा अधिक विचार करण्यासारखा आहे. शुद्ध पेट्रोल जळायला एका किलोला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. वीस टक्के मिश्रणाला साधारण साडेतेरा. म्हणजे ई-२० टाकलं की जुन्या गाडीचा ट्रिम काही टक्के वर सरकतो, हे खरं आहे. पण तो सगळीकडे सारखा सरकतो, आयडलला आणि चढणीलाही. एका ठिकाणी ४ आणि दुसऱ्या ठिकाणी २४ हा फरक इथेनॉल करत नाही. टाकीत पाणी साचलं असेल तर मात्र गोष्ट वेगळी, त्याकडे येतो.

एका सिलिंडरचा इंजेक्टर चोंदला असता तर कोड पी ०३०१ ते पी ०३०४ पैकी एखादा आला असता आणि आयडलला थरथर सतत जाणवली असती. चारही एकदम सारखे चोंदणं अशक्य नाही. तुमचे पेट्रोलचे इंजेक्टर महिनोन्महिने फारसे वापरलेले नाहीत, त्यांत चिकटा बसतोच. पण चौघांना मिळणारं पेट्रोल ज्या एका नळीतून येतं ती आधी तपासायची. चार वस्तू खोलण्याआधी एक खोला.

बाहेरून बसवलेल्या किटचा आणखी एक प्रकार असतो, तोही सांगून ठेवतो. किटचं ट्यूनिंग चुकलं आणि गॅस जास्त जात असला तर गाडीचा मूळ ईसीयू इंजेक्टरचा वेळ कमी करायला शिकतो. मग पेट्रोलवर टाकली की काही अंतर गाडी पातळ मिश्रणावर अडखळते. पण त्यात लांब पल्ल्याचा ट्रिम उणे दिसतो. तुमचा अधिक आहे, म्हणून ती शंका मी बाजूला ठेवतो.

आता काय मोजायचं ते. बहुतेक गॅरेजमध्ये रेलवर, म्हणजे चारही इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या नळीवर, गेज लावतात, आयडलला ३ बार दाखवला की पंप चांगला म्हणून सोडून देतात. इथंच माणूस फसतो. शेतातल्या मोटारीचा कॉक जवळपास बंद ठेवून मीटर बघितलं तर दाब भरपूर दिसतो. फूटव्हॉल्व्हच्या जाळीला गाळ बसलाय हे कधी कळतं? कॉक पूर्ण उघडल्यावर, ठिबकच्या शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही तेव्हा. आयडलला इंजिन इतकं थोडं पेट्रोल पितं की चोंदलेल्या जाळीतूनही ३ बार टिकतो. म्हणून दाबाबरोबर धार मोजायची.

मेकॅनिकला सांगा: रेलला येणारा पाइप सोडवून त्याला नळी जोडून मोजमापाच्या धातूच्या डब्यात सोडायची, पंपाचा रिले जोडून पंप अर्धा मिनिट चालवायचा. माझा ठोकताळा असा की अर्ध्या मिनिटात निदान अर्धा लिटर पेट्रोल आलंच पाहिजे. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, तो बघून घ्यायला सांगा. धारेत बुडबुडे आहेत का तेही बघा.

धार कमी निघाली तरी लगेच पंप बदलायचा नाही. आधी पंप चालू असताना त्याच्या कनेक्टरवरच व्होल्टेज मोजायचं, मागची सीट उचलली की बहुतेक गाड्यांत ते झाकण दिसतं. बॅटरीवर जेवढं आहे त्याच्यापेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी असेल तर दोष वायरिंगचा, रिलेचा किंवा अर्थचा. कनेक्टरची पिन जळून काळी पडलेली मी कितीतरी वेळा बघितली आहे. तिथं नवा पंप टाकला तर तोही महिन्याभरात तसाच रडतो. व्होल्टेज बरोबर आणि धार कमी असेल, मग मॉड्यूल, म्हणजे टाकीतली पंपाची असेंब्ली, बाहेर काढायचं आणि पंपाच्या तळाची जाळी बघायची.

त्याच वेळी टाकीच्या अगदी तळाचं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि तासभर हलवू नका. खाली वेगळा थर बसला तर पाणी आहे. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल थोडं पाणी पोटात ठेवतं, पण प्रमाणाबाहेर झालं की पाणी इथेनॉललाही सोबत घेऊन तळाला बसतं आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. टाकी कायम रिकामी ठेवणाऱ्या गाड्यांत पावसाळ्यात हे होतं, कारण रिकाम्या जागेत दमट हवा असते.

हे काम घरी करू नका, भाचा कितीही हुशार असला तरी. आधी पंपाचा रिले काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे पाइपातला दाब उतरतो. सीएनजी सिलिंडरचा हातानं फिरवायचा व्हॉल्व्ह बंद. काम उघड्यावर, सावलीत, जवळ आग विझवायचं सिलिंडर, जळता बल्ब लोंबकळत ठेवायचा नाही. पेट्रोलच्या वाफा जमिनीलगत पसरतात, दिसत नाहीत.

एक प्रश्न: सीएनजीवर गाडी चालू असताना मागच्या सीटला कान लावून बघा. पंपाची गुणगुण ऐकू येते का?

तापीकाठ (शिरपूर)

मिस्तरी, ट्रिम सगळीकडे सारखा सरकतो हे पटलं. पण मग मायलेज कमी झाल्याची जी ओरड आहे ती खोटी का?

धुळ्याचा मिस्तरी

खोटी नाही भाऊ. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, तेव्हा मायलेज थोडं उतरणारच. जुन्या रबरी नळ्या आणि ओ-रिंगांवरही नजर ठेवावी लागते. ती तक्रार खरी आहे, फक्त या गाडीचा आजार तो नाही. सगळं इथेनॉलवर ढकललं तर खरा दोष आत तसाच राहतो आणि मला त्याचीच भीती वाटते.

शाळेची वाट (शहादा)

मिस्तरीदादा, तुमचं उत्तर छापून घेऊन नंदुरबारच्या एका गॅरेजला गेले. त्यांनी शांतपणे वाचलं आणि म्हणाले, याच क्रमानं करू. मी शेवटपर्यंत थांबले.

सीएनजीवर गुणगुण येते. म्हणजे किट बसवल्यापासून पेट्रोलचा पंप सतत चालूच आहे.

रेलवर गेज: आयडलला ३ बार, अगदी बरोबर. उभ्या गाडीला रेस दिल्यावर काटा किंचित हलला, एवढंच. गेजवर थांबलो असतो तर पंप निर्दोष ठरला असता. मग धार. अर्ध्या मिनिटात जेमतेम पाव लिटर, तेही बुडबुड्यांसकट. पंपाच्या कनेक्टरवर १३.५ व्होल्ट, पिना स्वच्छ. म्हणून मॉड्यूल काढलं. तळाची जाळी पांढरी असते म्हणे, आमची चहाच्या गाळणीसारखी तपकिरी, वर शेवाळासारखा बुळबुळीत थर. टाकीच्या तळाचं पेट्रोल बाटलीत घेतलं तर खाली बोटभर वेगळा गढूळ थर बसला आणि त्यात लालसर बारीक कचरा.

टाकी रिकामी करून साफ केली, जाळी नवी घातली, मॉड्यूलमधला फिल्टर बदलला. पंप तोच ठेवून धार पुन्हा मोजली, अर्ध्या लिटरच्या वर आली. बुडबुडे नाहीत. इंजेक्टर फक्त काढून मशीनवर साफ केले, चौघांचा फवारा जवळपास सारखा निघाला. खर्च पंप असेंब्लीच्या सांगितलेल्या भावाच्या पावपटही झाला नाही.

भाचा पुन्हा घाटात आला. तिसरा गिअर, चौघी, एसी चालू: +६. आयडलला +३. गाडी कुठेही अडखळली नाही. घरी आल्यावर सोबतच्या मैत्रिणींनी तुम्हाला धन्यवाद सांगायला सांगितलंय.

आता पुढे काय काळजी घेऊ?

नाना (चाळीसगाव)

वा. माझा अंदाज चुकला तरी गाडी सुटली याचा आनंद आहे. धारेची गोष्ट मी आमच्या गॅरेजवाल्यालाही दाखवणार.

धुळ्याचा मिस्तरी

ताई, फार बरं वाटलं. त्या गॅरेजवाल्यांनी मोजून काम केलं, त्यांना माझा नमस्कार सांगा.

टाकी निदान पाव भरलेली ठेवा. पंप गार राहतो तो भोवतालच्या पेट्रोलमुळं. काटा तळाला आणि पंप सीएनजीवरही फिरतोय, म्हणजे तो कोरडा तापत होता. तो अजून जिवंत आहे हे नशीब, पण त्याच्यावर डोळा ठेवा. किटवाल्याकडून पेट्रोल पंपासाठी कट-ऑफ रिले लावून घ्या. गॅसवर गेल्यावर पंप बंद झाला पाहिजे, परत पेट्रोलवर येताना क्षणभर आधी सुरू झाला पाहिजे, हे त्याच्यासमोर चालवून बघा. आठवड्यातून एखादी खेप पूर्ण पेट्रोलवर करा, म्हणजे पेट्रोल टाकीत शिळं होणार नाही आणि इंजेक्टरही मोकळे राहतील. टाकीच्या झाकणाचं रबर चिरलं असेल तर बदला, पावसाचं पाणी तिथूनही उतरतं. सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी असते, किट बसवल्याची तारीख बघून ती राहिली असेल तर याच फेरीत करून घ्या.

महिन्याभरानं भाच्याला घाटातला आकडा एकदा परत बघायला सांगा. दहाच्या वर जायला लागला तर गॅरेज गाठा, आधी धार मोजायला सांगा आणि इथं लिहा.